इलियडमध्ये लाकडी घोडा का नाही?

"मॅडम, पुस्तक संपलं, पण घोडा आलाच नाही."

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला एका विद्यार्थ्यानं उभं राहून हे सांगितलं. होमरचं इलियड त्यानं सुट्टीत पूर्ण वाचून काढलं होतं, इंग्रजी अनुवादात, शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून. ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेलं युद्ध म्हणजे लाकडी घोडा, ज्याच्या पोटात लपून ग्रीक सैनिक शहरात शिरले, हे त्याला शाळेपासून माहीत. म्हणून चोवीस सर्ग तो घोड्याची वाट बघत राहिला. घोडा नाही. ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस, त्याच्या टाचेत जीवघेणा बाण नाही. ट्रॉय जळतही नाही. शेवटच्या पानावर हरणाऱ्या बाजूच्या एका माणसाचा अंत्यविधी होतो आणि काव्य थांबतं. आपली प्रत अपुरी छापली गेली असावी, असं त्याला वाटलं.

प्रत पूर्ण होती. इंग्रजी साहित्याच्या वर्गात ग्रीक महाकाव्यं आणि नाटकं शिकताना जवळपास प्रत्येक मूल इथेच अडखळतं. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या काव्यावर हॉलिवूडचा मोठा चित्रपट बनल्यापासून तर कॉलेजबाहेरचे लोकही ही पुस्तकं हातात घेतात आणि चाळीस पानांनंतर ठेवून देतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. आपण कादंबरी वाचायच्या सवयीनं ही पुस्तकं वाचतो, आणि ती त्यासाठी केलेलीच नव्हती.

आधी एवढं माहीत हवं

ग्रीक महाकाव्य म्हणताना मुख्यतः दोन काव्यं डोळ्यांसमोर असतात. इलियडच्या साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी, ओडिसीच्या बारा हजारांहून अधिक. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, त्यावरून पसाऱ्याची कल्पना यावी. दोन्ही काव्यं साधारण इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या आगेमागे आकाराला आली. परंपरा दोन्हींचं श्रेय होमरला देते.

शोकांतिका, म्हणजे ट्रॅजेडी, हे पुढचं अपत्य. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स शहरात ती बहरली. तिघांचीच नाटकं पूर्ण स्वरूपात आपल्यापर्यंत पोचली: एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस. सोफोक्लीसनं शंभराहून अधिक नाटकं लिहिली, उरली सात. तिघांची मिळून तेहतीसच्या आत-बाहेर. या तिघांनी कथा घेतल्या त्या बहुतेक जुन्या वीरकथांच्याच साठ्यातून. म्हणून कॉलेजात महाकाव्य आधी आणि शोकांतिका नंतर शिकवतात.

कानांसाठी केलेलं काव्य

इलियड उघडलं की पहिली कटकट होते ती पुनरुक्तीची. अकिलीस प्रत्येक वेळी "चपळ पायांचा अकिलीस". तो तंबूत बसून असला तरी चपळ पायांचाच. पहाट प्रत्येक वेळी "गुलाबी बोटांची". निरोप सांगायचा असेल तर दूत तो शब्दन् शब्द पुन्हा म्हणतो. संपादकानं लाल पेन्सिल चालवली असती तर पुस्तक पाऊण झालं असतं, असं मुलांना वाटतं.

याचं उत्तर मिल्मन पॅरी नावाच्या तरुण अमेरिकन अभ्यासकानं शोधलं. ही विशेषणं वृत्तात चपखल बसणारे तयार तुकडे आहेत, हे त्यानं आधी मजकुरावरून दाखवलं. मग १९३३ ते १९३५ या काळात तो युगोस्लाव्हियात गेला. तिथे गुस्ले नावाच्या तंतुवाद्यावर वीरगाथा गाणारे गायक अजून होते. त्यातला अव्दो मेजेदोविच हा पेशानं खाटीक, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानं बारा हजारांहून अधिक ओळींचं एकच काव्य तोंडी सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. म्हणजे ओडिसीएवढं. त्यानं ते पाठ केलेलं नव्हतं. कथेचा सांगाडा आणि शेकडो तयार तुकडे त्याच्या जिभेवर होते, त्यातून तो काव्य समोरच रचत जाई.

आपल्याला हे नवल वाटायचं खरं तर कारण नाही. जात्यावर बसलेली बाई "पहिली माझी ओवी गं" म्हणून सुरू करते तेव्हा ती पाठ केलेलं म्हणत नसते. सुरुवात ठरलेली, चाल ठरलेली, मध्ये भावाचं, माहेराचं, लेकराचं जे मनात येईल ते. ठरलेल्या तुकड्यानं तिला पुढची ओळ सुचायला उसंत मिळते, आणि ऐकणारीला ओळखीचं काहीतरी सापडतं. इलियडमधली पुनरुक्ती अशीच गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची दोघांची सोय आहे. ती गाळून वाचलं तर काव्याचा श्वासच जातो. माझ्या वर्गात मी दर आठवड्याला एक पान मोठ्यानं वाचून घेते. डोळ्यांना जे कंटाळवाणं वाटतं ते कानांना वाटत नाही, हे मुलांना पाच मिनिटांत कळतं.

"गोष्ट आधीच माहीत असेल तर उरतं काय?"

घोड्याचा प्रश्न इथे सुटतो. होमरच्या श्रोत्यांना सगळी कथा ठाऊक होती. घोडा ओडिसीत येतो, एक भाट तो प्रसंग गातो. पुढे रोमन कवी व्हर्जिलनं तो सविस्तर रंगवला. इलियडला मात्र युद्ध कसं संपलं हे सांगायचंच नाही. दहा वर्षांच्या युद्धातले जेमतेम पन्नासएक दिवस त्यानं घेतले आहेत, आणि मूळ ग्रीकमध्ये काव्याचा पहिलाच शब्द आहे "क्रोध". अकिलीसला राग कसा आला, त्या रागानं कोण कोण मेलं, आणि तो राग कुठे विरला, एवढाच विषय.

कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला द्रौपदीची लाज राखली जाणार हे माहीत असतं. तरी बुवा त्या जागी आले की बायकांचे पदर डोळ्यांना लागतात. शेवट माहीत असणं हीच त्या रडण्याची अट आहे.

इलियडच्या बाविसाव्या सर्गातला एक प्रसंग बघा. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर तटाबाहेर अकिलीसच्या हातून मारला गेलेला आहे. आपण ते पाहिलं आहे. मग कवी आपल्याला घरात नेतो. हेक्टरची बायको अँड्रोमाकी आतल्या दालनात मागावर जांभळं वस्त्र विणते आहे, त्यात फुलं काढते आहे. तिनं दासींना सांगितलंय, मोठं भांडं चुलीवर ठेवा, हे लढून येतील, अंघोळीला गरम पाणी लागेल. आणि तटावरून आक्रोश ऐकू येतो. तिच्या हातातला धोटा खाली पडतो.

पाणी तापतं आहे, एवढंच. कवी तिच्या दुःखावर भाष्य करत नाही. तिला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, आणि त्या अंतरात सगळा प्रसंग उभा राहतो. याला साहित्याच्या वर्गात नाट्यगत उपरोध म्हणतात. शब्द विसरला तरी चालेल, चुलीवरचं पाणी लक्षात ठेवा. ग्रीक शोकांतिका पुढे याच एका युक्तीवर उभी राहिली.

शोकांतिका म्हणजे रडका शेवट नव्हे

आपण एखाद्या अपघाताच्या बातमीलाही "शोकांतिका" म्हणतो, त्यामुळे मूळ अर्थ हरवला आहे. अथेन्समध्ये शोकांतिका म्हणजे उत्सवातली स्पर्धा होती. वसंतात डायोनिसस या मद्याच्या देवाचा उत्सव असे. ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, उघड्यावर, हजारो लोक दिवसभर बसत. तीन नाटककार निवडले जात. प्रत्येकानं तीन शोकांतिका आणि एक हलकंफुलकं नाटक सादर करायचं. खर्च शहरातल्या एका श्रीमंत नागरिकावर टाकलेला असे, परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडत. राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्या कुणालाही हे वातावरण परकं वाटू नये, निकालावरचे वादसुद्धा. आज जगभर होणारं युरिपिडीसचं "मीडिया" हे नाटक इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये स्पर्धेत उतरलं तेव्हा त्याचा क्रमांक तिसरा, म्हणजे शेवटचा, आला होता.

नट सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. बोलणारे नट फार तर तीन, तेच मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करत. शिवाय कोरस, म्हणजे बारा किंवा पुढे पंधरा जणांचा गाणारा-नाचणारा समूह. वाचताना मुलं कोरसची गाणी उलटून टाकतात. परीक्षेपुरतं ते निभतं, पण कोरस म्हणजे त्या गावचे लोक. राजाच्या घरात जे घडतं त्याचं खरं ओझं त्यांच्यावर पडतं, आणि आपण त्यांच्या बाजूला बसलेलो असतो.

मृत्यू रंगमंचावर सहसा दाखवत नसत. दूत येऊन सांगतो. ईडिपसनं आपले डोळे कसे फोडले, बायकोच्या वस्त्राच्या सोन्याच्या पिना काढून कसे पुन्हा पुन्हा खुपसले, हे आपण ऐकतो. पुन्हा कानांचंच काम.

ईडिपसचं नेमकं काय चुकलं?

या प्रश्नावर मला जरा थांबायचं आहे, कारण गाइडांनी इथे फार नुकसान केलंय. गाइडात एका ओळीचं उत्तर असतं: नायकात एक घातक दोष असतो, ईडिपसचा दोष गर्व, त्यामुळे त्याचा नाश झाला. वर्षानुवर्षं पेपर तपासताना हे वाक्य शेकडो वेळा वाचलं आहे.

कथा आठवा. ईडिपस कॉरिंथमध्ये राजपुत्र म्हणून वाढला. देववाणीनं त्याला सांगितलं, तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. त्यानं काय केलं? घर सोडलं. आईबापांच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून राज्य सोडून चालू लागला. वाटेत तिठ्यावर एका उद्दाम म्हाताऱ्याशी भांडण झालं, मारामारी झाली, म्हातारा मेला. पुढे थीब्ज शहराला त्यानं संकटातून सोडवलं, तिथल्या विधवा राणीशी लग्न झालं. ज्यांना तो आईबाप समजत होता ते पालक होते. म्हातारा थीब्जचा राजा आणि त्याचा जन्मदाता होता, राणी जन्मदात्री.

नाटक सुरू होतं तेव्हा हे सगळं घडून वर्षं झालेली आहेत. शहरात साथ पसरली आहे, माणसं मरताहेत, आणि आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय साथ जाणार नाही असं कळतं. ईडिपस सगळ्यांसमोर खुन्याला शाप देतो. वर म्हणतो, मेलेल्या राजासाठी मी असा लढेन, जणू तो माझाच बाप होता. उतारावर बसलेल्या हजारो लोकांना त्या क्षणी काय वाटलं असेल?

तो तापट आहे, हे खरं. पण तापटपणामुळे कुणी कुणाचा मुलगा होत नाही. शोकांतिकेवर लिहिताना ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं नायकाच्या चुकीसाठी वापरलेला शब्द आहे हमार्तिया, आणि तो ग्रीकमध्ये नेम चुकण्यालाही वापरतात. बाण सोडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, तो भलतीकडे लागतो. स्वभावातला डाग शोधायचा, आणि त्याला शिक्षा झाली असं म्हणायचं, यात आपल्याला बरं वाटतं, कारण मग आपण सुरक्षित होतो. सोफोक्लीस तेवढी सवलत देत नाही. शेवटाकडे राणीला सत्य आधी उमगतं, ती विनवते, पुढे विचारू नकोस. म्हातारा धनगर म्हणतो, आता मी भयंकर बोलण्याच्या काठावर आहे. ईडिपस म्हणतो, आणि मी ऐकण्याच्या. पण ऐकलंच पाहिजे. त्याचा नाश ज्यानं होतो तो त्याचा उत्तम गुण आहे: शहरासाठी सत्य शोधून काढायचंच, ते कुणावरही उलटो.

आणखी एक गोष्ट. ॲरिस्टॉटल जन्मला तेव्हा सोफोक्लीसला जाऊन वीसेक वर्षं झाली होती. नाटकं त्याच्या नियमांवरून लिहिलेली नाहीत, त्यानं नाटकं पाहून नियम काढले. त्याचा दुसरा गाजलेला शब्द कथार्सिस. आपल्याकडे त्याला विरेचन म्हणतात, आयुर्वेदातलाच शब्द. करुणा आणि भीती जागवून त्यांचा निचरा करणं, असा ढोबळ अर्थ. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं आहे. ते जरूर वाचावं, पण नाटक वाचून झाल्यावर.

"अनुवादात वाचून काय कळणार?"

वृत्त आणि नाद जातात, हे मान्य. पण अनुवाद शेजारी ठेवून वाचले तर मूळ भाषा न येताही पुष्कळ दिसतं.

ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतलेला ओडिसियस बायकोला मागणी घालत घरात ठाण मांडून बसलेल्या पुरुषांना ठार करतो. मग घरातल्या बारा स्त्रियांची पाळी येते. या स्त्रिया त्या पुरुषांशी निजल्या, हा आरोप. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं बाहेर काढून घेतात, रक्तानं भरलेलं दालन धुऊन घेतात. मग ओडिसियसचा मुलगा टेलिमेकस जहाजाच्या दोरानं त्यांना रांगेत फासावर चढवतो. होमर म्हणतो, घरट्याकडे निघालेली पाखरं जाळ्यात सापडावीत तशा त्या लटकल्या, थोडा वेळ पाय झाडले, फार वेळ नाही.

काही गाजलेल्या इंग्रजी अनुवादांत या जागी टेलिमेकस त्यांना घाणेरडी शिवी देतो. मूळ ग्रीक ओळीत शिवी नाही, "ज्या" एवढं सर्वनाम आहे. कुठे त्यांना मोलकरणी म्हटलंय. २०१७ साली एमिली विल्सन यांचा अनुवाद आला, ओडिसीचा एका स्त्रीनं केलेला पहिला पूर्ण इंग्रजी अनुवाद, आणि त्यांनी ठिकठिकाणी सरळ "गुलाम" हा शब्द वापरला. मोलकरीण नोकरी सोडू शकते. गुलाम बाई कुणाशी निजायचं हे ठरवू शकत होती का? एका शब्दानं सगळा न्यायनिवाडा उलटतो. एवढं वर्गात झालं की "मॅडम, अनुवादच तर आहे" हे पुन्हा कुणी म्हणत नाही.

मराठीत ईडिपस वाचायचा असेल तर पु. ल. देशपांडे यांचं "राजा ओयदिपौस" आहे.

"असल्या पुरुषी, गुलामगिरीच्या जगाला डोक्यावर का घ्यायचं?"

डोक्यावर घेऊच नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कोलंबिया कॉलेजात १९३७ पासून सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचा एक साहित्याचा अभ्यासक्रम आहे, त्याची सुरुवात इलियडपासून करण्याची प्रथा आहे. तिथल्या ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, सोफोक्लीस, ॲरिस्टॉटल अशी नावं दगडात कोरली आहेत, सगळी पुरुषांची. १९८९ मध्ये एका विद्यार्थिनीनं त्या नावांच्या वर स्त्री-लेखकांच्या नावांचा कापडी फलक लावायचा प्रयत्न केला. २०१९ मध्ये तसाच फलक पुन्हा लागला, त्यात तमिळ लेखिका ए. रेवती यांचंही नाव होतं. मला हे फार योग्य वाटतं. यादी वाढावी.

पण ही काव्यं स्वतःच आपल्या जगाला प्रश्न विचारतात, तेही वाचायला हवं. इलियडमध्ये हेक्टर लढाईतून क्षणभर परततो, तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो. शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून पोर घाबरतं, रडत दाईला बिलगतं. आईबाप हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मुलाला कुशीत घेतो. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सनं मेलॉस बेट जिंकलं, पुरुष कापले, बायका-मुलं गुलाम केली. पुढच्याच वर्षी युरिपिडीसनं अथेन्सच्या उत्सवात ट्रॉयच्या विधवांचं नाटक लावलं. त्यात तेच पोर तटावरून खाली फेकलं जातं, आणि त्याचं प्रेत बापाच्या ढालीवर घालून आणतात. समोर बसलेल्यांत मेलॉसवर चाल करून जाण्याला ज्यांनी संमती दिली तेही असणार.

"आपल्याकडे महाभारत आहे की"

आहे, आणि म्हणूनच आपल्याला हे लवकर कळतं. दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" म्हणाली, हे बहुतेकांना पक्कं ठाऊक असतं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या संशोधित आवृत्तीत ते वाक्य नाही. १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं, बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून, सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी तो पाठ सिद्ध केला. होमरच्या पाठाचं असं काम इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत झालं. लोकांच्या मनातलं महाकाव्य आणि हस्तलिखितातलं महाकाव्य वेगळं असतं, हे दोन्हीकडे खरं. माझ्या विद्यार्थ्याचा घोडा त्यातलाच.

"याचा उपयोग काय?"

नोकरी मिळवून देतील असा दावा मी करणार नाही. जोनाथन शे हे बोस्टनमधले मानसोपचारतज्ज्ञ व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करत. त्यांच्या कहाण्यांत त्यांना अकिलीस दिसू लागला: वरिष्ठानं केलेला विश्वासघात, मग जिवलग सोबत्याचा मृत्यू, मग स्वतःवरचा ताबाच सुटणं. १९९४ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी सोफोक्लीसचं अँटिगनी बसवलं, त्यात भावाचं प्रेत पुरू न देणाऱ्या राजा क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेला यांनी केली होती.

सुरुवात कुठून करावी

इलियड पहिल्यांदा सलग वाचू नका. १, ६, ९, १६, २२ आणि २४ हे सर्ग वाचा, मोठ्यानं. जहाजांची लांबलचक यादी असलेला दुसरा सर्ग नंतर. ईडिपस एका बैठकीत होतो, दीड-दोन तासांत.

त्या विद्यार्थ्याला मी चोविसावा सर्ग वर्गात पुन्हा वाचायला लावला. हेक्टरचा बाप, म्हातारा राजा प्रायम, रात्री एकटा शत्रूच्या तंबूत शिरतो, मुलाचं प्रेत मागायला. ज्या हातांनी त्याची इतकी मुलं मारली, ते अकिलीसचे हात तो धरतो आणि त्यांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव. मग दोघं रडतात, एक मुलासाठी, दुसरा दूर राहिलेल्या बापासाठी आणि मेलेल्या मित्रासाठी. रडून झाल्यावर अकिलीस त्याला जेवायला घालतो. अकरा दिवस युद्ध थांबतं. ट्रॉयचे लोक लाकडं आणतात, चिता रचतात, अस्थी सोन्याच्या पेटीत ठेवून वर दगड रचतात.

शेवटची ओळ त्यानं वाचली: "असा त्यांनी हेक्टरचा अंत्यविधी केला, घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचा." मूळ ग्रीकमध्ये हे विशेषण ओळीच्या अगदी शेवटी येतं, पंधरा हजार ओळींचा तो शेवटचा शब्द आहे, आणि तो घोडा या शब्दापासूनच बनला आहे. मी ते फळ्यावर लिहिलं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा होता.